अब्बांचं बंदर

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा अम्मीने पहिला प्रश्न विचारला, "वुजूचं पाणी कुठे ठेवणार?" अब्बा हसले. वीस वर्षं नौदलात काढलेल्या माणसाला हा प्रश्न सोपा होता. जहाजावर गोडं पाणी मोजून मिळायचं. समुद्राच्या पाण्याने वुजू होतो का, हे विचारणारा पहिला माणूसही समुद्रावर जाणाराच होता. रसूलुल्लाह (स.) यांनी त्याला ते पाणी पाक असल्याचं सांगितलं, ही हदीस अब्बा आम्हाला लहानपणापासून ऐकवत आले आहेत.

आम्ही म्हणजे आम्ही दोघी बहिणी, अम्मी, अब्बा आणि गाडी चालवायला मामेभाऊ. गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. कोंढव्यातल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये तिच्या सीटा काढून आत दोन मजली पलंग, छोटा ओटा, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून अशा गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या आहेत. कुणाला करायची असेल तर एक सांगून ठेवतो: गाडीत असा बदल केला की आरटीओत तो कागदावर चढवून घ्यावा लागतो. आमचे त्यात बरेच हेलपाटे झाले.

गॅरेजवाल्याला अब्बांनी मात्र पुरतं जेरीस आणलं. प्रत्येक खणाला कडी हवी, कप अडकवायला हूक हवेत, एकही वस्तू मोकळी राहता कामा नये. "गाडी आहे चाचा, बोट नाही," असं तो पोरगा शेवटी वैतागून म्हणाला. माळशेजच्या वळणांवर आमचा एकही डबा पडला नाही, तेव्हा आम्हाला त्या कड्यांची किंमत कळली. पलंगाला अब्बा 'बंक' म्हणतात आणि ओट्याला 'गॅली'. किब्ल्यासाठी त्यांनी चोर बाजारातून कधीकाळी घेतलेलं पितळी होकायंत्र समोर ठेवलं होतं. आपल्या भागातून किब्ला बरोबर पश्चिमेला नसतो, पश्चिमेपासून दहाएक अंश उत्तरेकडे असतो. गाडी कुठेही उभी राहिली की अब्बा आधी खाली उतरून दिशा बघणार आणि मग चटई टाकणार.

प्रवास ठरला होता मुंबईचा. अब्बांना त्यांचं बंदर पुन्हा एकदा बघायचं होतं. १९७४ मध्ये अठराव्या वर्षी ते नौदलात गेले आणि १९९४ मध्ये बाहेर पडले. त्यातली बरीच वर्षं त्यांच्या जहाजांचं घर मुंबई होतं. 'विक्रांत'वरही त्यांनी काही काळ काढला. समुद्रावर असताना 'घरी कधी जाणार' याचा अर्थ आधी 'मुंबईला कधी लागणार' असा असायचा. घर त्यानंतर, कल्याणहून एसटीने.

एवढी मोठी गाडी दक्षिण मुंबईत न्यायची म्हणजे स्वतःहून फजिती ओढवून घेणं. ती मुंब्र्याला खालाजानच्या सोसायटीत लावली आणि लोकलने सीएसएमटीला गेलो. तिथून चालत लायन गेट. अब्बांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशात माजी सैनिकाचं ओळखपत्र होतं. दारावरचा जवान विशी-बाविशीचा असेल. त्याने 'सर' म्हणून नीट बोलून सांगितलं की परवानगीशिवाय आत सोडता येणार नाही. अम्मीला वाईट वाटलं. अब्बा म्हणाले, "बरोबर केलं त्याने. त्याच्या जागी मी असतो तर मीही सोडलं नसतं." पण दारापासून हलायला त्यांना बराच वेळ लागला.

मग गेटवेवरून लाँच घेतली. घारापुरीकडे जाताना डाव्या हाताला नौदलाच्या धक्क्यावरची राखाडी जहाजं लांबून दिसतात. अब्बा एकेकाची जात ओळखत होते, नाव एकाचंही त्यांच्या काळातलं नव्हतं. 'विक्रांत' ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवेतून निवृत्त झाली. पुढे काही वर्षं ती मुंबईतच संग्रहालय म्हणून उभी होती आणि आम्ही लहानपणी ती पाहिली आहे. २०१२ मध्ये तेही बंद झालं, २०१४ मध्ये ती भंगारात विकली गेली आणि दारूखान्याला तोडली गेली. नवी 'विक्रांत' २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नौदलात दाखल झाली. त्याच दिवशी नौदलाचा नवा ध्वज आला आणि त्यावर शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. हा सोहळा अब्बांनी टीव्हीसमोर उभं राहून पाहिला होता.

परत येताना कुलाब्याच्या बाजूने फिरलो. फेब्रुवारी १९४६ मध्ये 'तलवार' या नौदलाच्या केंद्रातून खलाशांचा संप इथेच सुरू झाला. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदनसिंग. जहाजांवर काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट पक्ष असे तिन्ही झेंडे एकत्र चढले होते. शाळेच्या पुस्तकात याच्या वाट्याला दोन ओळी येतात, म्हणून इथे आणखी दोन लिहिल्या.

रात्री मुंब्र्याला जेवताना अब्बा गप्पच होते. खालाजानने विचारलं, "भाईजान, बघितलं ना बंदर?" ते म्हणाले, "बंदर आहे. ओळखणारं कुणी नाही." तेव्हा अम्मीने, भांडी आवरता आवरता, आमच्याकडे न बघता म्हटलं, "मग दुसरं बघून या."

दुसरं म्हणजे काय, हे आम्हाला लगेच कळलं. आमचं मूळ गाव आंबेगाव तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी ते एक. ज्या जुन्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं तेही त्याच पाण्यात गेलं. आज तालुक्याचं ठाणं घोडेगावला आहे. अब्बा पाणी आल्यापासून तिकडे फिरकले नव्हते. भीमाशंकर रोडवरून कुणाच्या लग्नाला जायचं झालं तरी ते काही ना काही कारण काढून टाळायचे.

त्या रात्री ते एवढंच म्हणाले, "मेमध्ये पाणी उतरतं."

दुसऱ्या दिवशी फजर पढून निघालो. कल्याण, मुरबाड, टोकावडे आणि मग माळशेज. पावसाळ्यात इथे पाय ठेवायला जागा नसते, मेच्या शेवटी घाट कोरडा आणि मोकळा होता. वर आलं की पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी दिसतं. रजेवर येताना अब्बा याच वाटेने यायचे, एसटीच्या टपावर ट्रंक टाकून. पुढे ओतूर आणि गणेश खिंड ओलांडून जुन्नर.

जुन्नर समुद्रापासून इतकं लांब आणि इतकं उंच आहे की या गावाचा बंदराशी संबंध लावायचं कुणाच्या मनात येणार नाही. पण अब्बांसोबत फिरलं की ते सारखं बंदरच दिसू लागतं. गावाच्या पूर्वेला हापूसबाग आहे. हे आंब्याचं नाव नाही, 'हबशी बाग'चं बिघडलेलं रूप आहे असं सांगतात. तिथला सौदागर घुमट दगडी, भव्य आणि बऱ्यापैकी शाबूत आहे. आत कोण झोपलं आहे याच्या वेगवेगळ्या गोष्टी ऐकायला मिळतात, पण नावातच सौदागर आहे आणि बागेच्या नावात हबशी. हे दोघेही समुद्रावरूनच आलेले.

हबशी म्हटलं की मलिक अंबर आलाच. इथिओपियात साधारण १५४८ मध्ये जन्मलेला मुलगा, गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६०७ च्या सुमारास त्याने निजामशाहीची राजधानी जुन्नरला आणली आणि काही वर्षं ती इथेच होती. निजामशाहीची सुरुवातही याच मातीतली. मलिक अहमद जुन्नरचा सुभेदार होता. १४९० मध्ये त्याने बहमनी फौजेला हरवून स्वतंत्र राज्य उभं केलं, अहमदनगर त्यानंतर वसलं. आपली मुलं अहमदनगरचा किल्ला बघतात, जुन्नर गाळून पुढे जातात.

शिवनेरीवर आम्ही सकाळी लवकर चढलो. अब्बांचे गुडघे दुखतात, पण सात दरवाज्यांपैकी एकाही दरवाज्यात ते आमच्यासाठी थांबले नाहीत, आम्हीच त्यांच्यासाठी थांबलो असं दाखवत राहिलो. १९ फेब्रुवारी १६३० रोजी महाराजांचा जन्म झाला ती इमारत पाहिली. गडावर दोन मिनारांना जोडणारी कमान असलेली कमानी मशीद आहे आणि वर ईदगाहही आहे. अब्बांनी तिथे शाळेच्या सहलीतल्या पोरांना धरून महाराजांच्या आरमाराची गोष्ट सांगितली. त्यात दौलतखान हे नाव त्यांनी दोनदा घेतलं. १६७९ मध्ये खांदेरीच्या लढाईत महाराजांच्या आरमाराचं नेतृत्व करणाऱ्यांत हा दौलतखान होता, आणि समोर इंग्रज होते, पुढे जंजिऱ्याचा सिद्दीही आला. गुरुजींनी शेवटी "काका, आता मुलांना भूक लागलीय," असं म्हणून सुटका करून घेतली.

शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज जुन्नरच्या मशिदीत पढली. एका बुजुर्गांनी जुन्नरी कागदाचा विषय काढला. हाताने कागद करणारे कागदी इथे पिढ्यान्‌पिढ्या होते. मोडीतली कितीतरी जुनी दफ्तरं जुन्नरी कागदावर लिहिलेली आहेत. आज गावात त्यातलं काही उरलं नाही. दुपारी खानावळीत मासवडी खाल्ली. बेसनाच्या वडीत तीळ-खोबऱ्याचं सारण आणि वर तिखट रस्सा. वीस वर्षं मासे खाल्लेल्या अब्बांनी "यात मासा कुठंय?" हे विचारलंच.

संध्याकाळी घाटघरला गेलो, नाणेघाटाच्या तोंडाशी. जुन्नर तालुक्यात गाडीत मुक्काम करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा बिबट्यांचा मुलूख आहे. उसात ते राहतात, माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे. रात्री दार उघडं टाकून बसायचं नाही, उष्टं खरकटं बाहेर टाकायचं नाही, आणि गाडी माळावर एकटी न लावता वस्तीत विचारून लावायची. आम्ही एका घराच्या अंगणात लावली. घरच्या बाईंनी तांदळाच्या भाकरी आणून दिल्या आणि अम्मीकडून शीरखुर्म्याची कृती लिहून घेतली.

सकाळी नाणेघाट पाहिला. सातवाहनांच्या काळात, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी, कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल बैलांच्या आणि गाढवांच्या पाठीवर याच खिंडीतून वर जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणला जायचा. गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. राजघराण्याच्या मूर्ती होत्या, त्यांचे आता फक्त पाय आणि वर नावं उरली आहेत. बाहेर मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीचे पैसे टाकत असं म्हणतात. अब्बा त्यावर हात ठेवून म्हणाले, "कस्टम हाऊस." जुन्नरच्या भोवतीच्या लेण्यांतले लेखही हेच सांगतात. कल्याणच्या एका सोनाराने इथे पाण्याचं टाकं दिलं आहे. इरिल नावाच्या एका यवनाने दोन टाकी दिली आहेत. कुठल्या किनाऱ्यावरून आलेला तो माणूस, त्याने या डोंगरात येऊन लोकांना पाणी दिलं. सदका-ए-जारिया म्हणावं असंच ते काम आहे.

कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण दिसतं. अब्बांनी आम्हाला पाणी दाखवलं, म्हणजे नसलेलं पाणी. कड्याच्या त्या बाजूला पडलेला पाऊस कल्याणच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतो, या बाजूला पडलेला कुकडी, घोड, भीमा आणि कृष्णा असा हिंडत बंगालच्या उपसागराला. "तिकडचा वेस्टर्न फ्लीटचा, इकडचा ईस्टर्न फ्लीटचा," ते म्हणाले. मुंबईनंतर ते पहिल्यांदाच इतकं मोकळं बोलत होते. आम्हाला वाटलं आता आंबेगावाचं सोपं जाईल. तसं झालं नाही.

घोडेगावात चहाला थांबलो. टपरीसमोर एक बजाज व्ही उभी होती. २०१६ मध्ये बजाजने ही मोटरसायकल बाजारात आणली ती 'विक्रांत'च्या तोडलेल्या लोखंडातून, ते तिच्या पेट्रोलच्या टाकीत वापरलं आहे. अब्बांना हे माहीत होतं. ते उठले, गाडीपाशी गेले आणि टाकीवर हात ठेवून उभे राहिले. गाडीचा मालक, वीस-बावीस वर्षांचा पोरगा, चहाचा कप घेऊन धावत आला. त्याला वाटलं म्हाताऱ्याला गाडी विकत घ्यायची आहे. "विकायची नाय चाचा." अब्बा म्हणाले, "नको रे बाबा. हिच्या डेकवर मी झोपलोय." पोराला काही कळलं नाही. त्याला सगळं सांगितल्यावर त्याने तिथल्या तिथे रुमालाने टाकी पुसली.

डिंभ्याच्या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेलेले. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे ते आडवे झाले आणि शहीद झाले. या डोंगरातला माणूस मुंबईला जातो आणि नाव होऊन परत येतो, हे इथे नवीन नाही.

आमचे दादा आतार होते. बांगड्या, सुया, फण्या, कुंकू, अत्तर पाठीवर घेऊन आदिवासी वाड्यांवर हिंडायचे. पैसे नसतील तिथे हिरडा घ्यायचे. दादीअम्मा गेल्या तेव्हा अब्बांचं जहाज लक्षद्वीपच्या बाजूला होतं. तार मिळाली, पण जहाज लागायला आणि रजा मिळायला दीड महिना गेला. जनाजा त्यांना मिळाला नाही. पोहोचले तेव्हा कबरीवरची माती बसली होती. गाव तेव्हा उठायच्या तयारीत होतं. घराचं, शेताचं मोजमाप झालं होतं. कब्रस्तानाचं काय, हे विचारायला दादा एका कार्यालयात तीनदा गेले. तिथल्या साहेबांनी फॉर्ममध्ये तसा रकानाच नसल्याचं सांगितलं. त्यांनाही काय बोलणार, रकाना नव्हताच.

इथपर्यंतची गोष्ट आम्हाला माहीत होती. पुढची त्या दिवशी कळली.

पाणी खूप खाली गेलं होतं. काठाचा गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, मध्ये घरांच्या जोत्यांचे दगड दिसत होते. आम्ही उतरून शोधू लागलो. अम्मीला वाटलं कब्रस्तान उघडं पडलं असेल. अब्बा मात्र काठावरच बसून राहिले. मग त्यांनी बंकखालची जुनी पेटी मागवली आणि तिच्यातून एक डायरी काढली, नौदलातली, निळ्या पुठ्ठ्याची. एका पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं: 'अम्माची कबर. उत्तरेच्या डोंगराची सोंड ३२५. नैऋत्येची खिंड २४०. चिंच, ३० पावलं.'

त्या रजेत, गाव उठण्यापूर्वी, ते होकायंत्र घेऊन कबरीपाशी उभे राहिले होते आणि तिथून दिसणाऱ्या दोन खुणांच्या दिशा त्यांनी मोजून ठेवल्या होत्या. किनारा दिसत असला की जहाज आपली जागा अशीच काढतं. दोन खुणांच्या दिशा नकाशावर ओढायच्या, रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आपण. हे त्यांनी अम्मीलाही कधी सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला हे सुचलं कसं?" आम्ही विचारलं.

ते म्हणाले, 'खुक्री'वरून. 'आयएनएस खुक्री' ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी तिच्यासोबत गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता गेले. अब्बा नौदलात आले ते त्यानंतर तीन वर्षांनी, पण त्यांना शिकवणाऱ्यांचे सोबती त्यात होते. एकदा त्यांचं जहाज त्या जागेवरून जात असताना इंजिन मंद केलं, सगळे डेकवर उभे राहिले आणि पाण्यात फुलांचं चक्र सोडलं. चारी बाजूंना नुसतं पाणी. जागा कळली कशी? आकड्यांवरून. "पाण्यावर खूण राहत नाही. म्हणून आकडा लिहून ठेवायचा," ते म्हणाले. बुडून मेलेल्याला शहिदाचा दर्जा आहे असं हदीसमध्ये आलं आहे, हे त्यांना तेव्हा एका मुस्लिम सोबत्याने डेकवरच सांगितलं होतं.

आता होडी हवी होती. डिंभ्यात ती मिळते, आणि त्यामागेही एक गोष्ट आहे. पाण्याने ज्यांची शेतं नेली ते इथले महादेव कोळी आदिवासी डोंगरातले शेतकरी, त्यांना मासेमारी कुठली येणार? पण धरणग्रस्तांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, जाळी शिकून घेतली, जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मिळवला. 'शाश्वत' ही संस्था त्यांच्यासोबत होती आणि तिला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ज्या पाण्याने घर बुडवलं त्याच पाण्यावर चूल पेटवली या लोकांनी. अब्बांना हे ऐकून फार बरं वाटलं.

जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका मामांना विचारलं. सत्तरीचे असतील. कुठल्या गावचे, म्हणाले. अब्बांनी नाव सांगितलं. मामांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. "आतारांच्यातलं का तू? माझ्या आयशीच्या हातात तुझ्या बापाच्या बांगड्या असायच्या." पुढे कुणाला काही विचारायची गरज उरली नाही.

होडीत चौघं मावत होतो. मामेभाऊ काठावर थांबला, मामा वल्ही मारू लागले. अब्बा पुढे बसून होकायंत्र डोळ्यांशी धरून बोलत होते, "डावीकडे... अजून... आता सरळ." आवाज आमच्या अब्बांचा नव्हता, तो कुठल्यातरी जहाजावरचा होता. होकायंत्राचा काटा वर्षागणिक थोडा सरकतो, हे आम्ही शाळेत शिकलो होतो, म्हणून विचारलं. "आपल्याकडे एवढ्या वर्षांत एका अंशाच्या आतबाहेर. चार पावलं इकडे तिकडे," ते म्हणाले. सोंड ३२५ वर आली. खिंड अजून २४४ वर होती. मामांनी होडी हळूच मागे घेतली. २४२. २४०.

"थांबा."

मामांनी दोरीला दगड बांधून खाली सोडला. "दोन पुरुष पाणी," म्हणाले. चिंच कुठेच नव्हती. गाव उठताना झाडं तोडली होती, हे मामांनीच सांगितलं.

अब्बांनी होकायंत्र खिशात ठेवलं आणि हात उचलले. आम्हीही उचलले. सूरह फातिहा पढली, दादीअम्मांसाठी आणि त्या कब्रस्तानात असलेल्या सगळ्यांसाठी मगफिरतची दुआ केली. मामांनी वल्हं आडवं धरून होडी हलू दिली नाही आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. वारा असूनही होडी त्या जागेवर कशी उभी राहिली, याचं कौतुक अब्बा नंतर गाडीत दोनदा करत होते.

काठावर आल्यावर अस्रची नमाज झाली. मग अब्बांनी डायरी उघडली आणि त्याच पानावर, जुन्या पेन्सिलीच्या ओळींखाली, तारीख घातली. दोन्ही दिशा पुन्हा लिहिल्या, खोली लिहिली, होडीत असलेल्या चौघांचीही नावं लिहिली. मामांचंही. 'चिंच, ३० पावलं' या ओळीवर त्यांनी काट मारली नाही.

मामांनी पैसे घेतले नाहीत. अम्मीने मग डब्यातले खजूर आणि लोणच्याची बरणी त्यांच्या हातात दिली, ती घेतली. "पाऊस लांबला तर अजून उतरतं पाणी," ते म्हणाले. "जूनच्या पहिल्या आठवड्यात येऊन बघ."

"इन्शाअल्लाह," अब्बा म्हणाले, आणि डायरी पेटीत न ठेवता खिशात घातली.